हवापाण्याच्या गोष्टी

ज्यांना परस्परांशीं बोलण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें तीं माणसें हवेविषयीं बोलतात, असा एक समज सुशिक्षित लोकांत रूढ आहे. इंग्रजांच्या या संवयीची त्यांच्याच डॉक्टर जॉन्सननें १७५८ सालीं एका निबंधांत थट्टा केली आहे. दोन इंग्रज भेटले कीं त्यांचें पहिलें बोलणें हवेसंबंधीं असावयाचें, आणि जें दोघांसही ठाऊक आहे तेंच ते एकमेकांस मोठ्या घाईनें सांगावयाचे, असा त्याचा रोख. महाविद्यालयांत हा निबंध आम्हांला शिकविला गेला तेव्हां आम्ही सारे विद्यार्थी पोटभर हंसलों. डॉक्टर जॉन्सनची खानदेशाशीं कधीं गांठ पडली नाहीं, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे.

आमच्या या मुलखांत हवेविषयीं बोलणें हें रिकामपणाचें लक्षण नव्हे. 'काय, तुमच्याकडे पाऊस कसा काय?' या साध्या प्रश्नाच्या पोटांत सोसायटीचें कर्ज फिटेल काय, मुलीचें लग्न यंदां होईल काय, धाकट्याची फी भरली जाईल काय, असे तीन-चार प्रश्न एकावर एक घडी घालून ठेवलेले असतात. ते उघडे करून विचारणें बरें दिसत नाहीं. ज्याला विचारावयाचे त्याचा मान राखावयाचा असतो. म्हणून माणूस पाऊस विचारतो. समोरचाही 'बरा आहे' एवढेंच म्हणतो, किंवा आभाळाकडे पाहून क्षणभर गप्प बसतो. दोघांसही जें कळावयाचें तें कळतें आणि कोणाचाच पडदा उघडा पडत नाहीं. शिक्षकांच्या खोलींत, बाजारांत, एस्. टी. च्या स्थानकावर, रविवारीं उपासना संपल्यावर मंदिराच्या आवारांत, कोठेंही चार माणसें उभीं असलीं तर हें संभाषण तुमच्या कानीं पडेल. मुलांनो, वडील माणसें 'तीच तीच हवेची गोष्ट' बोलत बसतात म्हणून तुम्ही कंटाळून निघून जातां. एखादे वेळीं जरा थांबून ऐकून पाहा.

माझ्या नोकरीचीं पहिलीं आठ वर्षें धुळ्यास गेलीं. पांझरा नदीपासून फार दूर नसलेल्या एका गल्लींत आम्ही राहत होतों. धुळ्याच्या जुन्या पेठेची बांधणी सरळ रेघांची आहे. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जनें ती आंखून वसविली, ती शिस्त अजून रस्त्यांत दिसते. सरळ गल्लीचा एक गुण असा कीं एका टोंकाच्या ओट्यावर बसलेल्यास दुसऱ्या टोंकाचा ओटा दिसतो, आणि आवाज थोडा चढविला कीं पांच-सहा घरांचें संभाषण एकदम चालूं शकतें. आमच्या समोर एक वृद्ध बाई राहत. सारी गल्ली त्यांना 'मोठी माय' म्हणे. भाद्रपद सरत आला कीं त्या रोज सकाळीं गल्लींतील एका कंडक्टरास अहिराणींत एकच प्रश्न विचारीत : 'पानी उना का, भाऊ?' हा गृहस्थ साक्री-पिंपळनेरच्या गाडीवर असे. पांझरा तिकडच्या डोंगरांतून उतरते. तेव्हां तिकडे पाणी पडलें तर नदी काय करील याचा अंदाज धुळ्याच्या ओट्यावर बसून बांधतां येतो.

ही धास्ती उगीच नव्हती. १८७२ सालीं गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्यांना जो पूर आला त्यांत एकट्या धुळ्यांत ५०० घरें वाहून गेलीं आणि १५२ गांवांना त्याची झळ पोंचली, असें जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. मोठ्या मायनें गॅझेटियर वाचलें नव्हतें. परंतु नदीकांठच्या घरांत अशा गोष्टी कागदावांचूनही पिढ्यान् पिढ्या टिकतात. त्याच पांझरेवर जुने बंधारे आहेत आणि त्या पाण्यावर 'फड' नांवाची शेती पुरातन काळापासून चालत आली. फडांत एका टापूंत सर्वांनीं मिळून एकच पीक घ्यावयाचें, आणि पाणी पाटकऱ्यानें पाळीपाळीनें वांटावयाचें, असा दंडक. सर्वांचें पीक एक, सर्वांचें पाणी एक. तेव्हां हवेची गोष्टही साहजिकच सर्वांची एक. धुळ्याच्या लोकांच्या बोलण्यांत 'आपला पाऊस' हा शब्द मला वारंवार ऐकूं येई, तो बहुधा तेथूनच आला असावा. हा माझा तर्क आहे. इतिहाससंशोधकांच्या त्या नगरींत तो मीं कधीं उच्चारून दाखविला नाहीं.

पुढें जळगांवीं आलों. येथें आमच्या घराच्या कुंपणाची भिंत कमरेइतकी उंच आहे आणि भिंतीपलीकडे नाना व जिजी राहतात. नानांचें सहा एकर रान आसोद्याच्या वाटेवर आहे. त्यांचीं मुलें पुण्यास नोकरीला. रान नाना बटाईनें लावतात, परंतु रोज सकाळीं स्वतः सायकलवर तिकडे फेरी मारून आल्याखेरीज त्यांना चहा गोड लागत नाहीं. सायंकाळीं दिवेलागणीनंतर नाना त्यांच्या बाजूनें भिंतीवर कोपर टेंकतात, मी माझ्या बाजूनें टेंकतों, आणि आमचें 'हवामान खातें' सुरू होतें. जिजी मधूनमधून येऊन आमच्या निष्कर्षांत दुरुस्त्या करतात. या भिंतीवरून गेल्या कित्येक वर्षांत काय काय इकडून तिकडे गेलें याची यादी मोठी होईल; हिंवाळ्यांत बामणोदकडचीं हिरवीं वांगीं कपाशीच्या काड्यांवर भाजून केलेलें भरीत आणि कळण्याची भाकरी यांचा मात्र उल्लेख न करणें कृतघ्नपणाचें ठरेल.

दरवर्षीं नववीच्या वर्गास मी 'शरद ऋतु' हा विषय निबंधास देतों. चाळीस वह्यांपैकीं पस्तीस वह्यांत आकाश निरभ्र असतें, सरोवरें असतात, सरोवरांत कमळें असतात आणि कमळांजवळ हंस असतात. आमच्या गांवीं मेहरूणचा तलाव आहे. त्यांत हंस पाहिल्याचें कोणीं मला अजून सांगितलेलें नाहीं. उरलेल्या पांचांपैकीं दोघे-तिघे इंग्रजी पुस्तकांच्या आधारें झाडांचीं पानें पिवळीं करून खालीं पाडतात. कीट्सनें शरदावरील आपली प्रसिद्ध कविता १८१९ च्या सप्टेंबरांत लिहिली, म्हणजे इकडे ब्रिग्जसाहेब धुळ्याची पेठ आंखीत होते त्याच सुमारास. त्या कवितेंतील ऋतु विलायतेचा आहे. आमच्याकडे पानगळ शिशिरांत. आश्विनांत खानदेश जितका हिरवा असतो तितका तो वर्षांत दुसऱ्या कोणत्याही महिन्यांत नसतो, आणि जितका घाम आश्विनांत येतो तितका कित्येकदां वैशाखांतही येत नाहीं.

डोळ्यांनीं पाहून लिहिण्याची परंपरा आमच्या मातींत नाहीं असें मात्र नव्हे. बालकवि ठोमरे यांचा जन्म १८९० सालीं येथून जवळच, धरणगांवीं झाला. १९०७ सालीं याच जळगांवच्या कविसंमेलनांत त्यांना 'बालकवि' म्हणून गौरविलें गेलें. बहिणाबाई चौधरी तर आसोद्याच्या लेक. एका वर्षीं एका मुलीनें मात्र निबंधांत हंस आणला नाहीं. तिनें लिहिलें होतें कीं, कापूस वेचतांना बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांचीं टोंकें नखांच्या कडेला लागतात, म्हणून या दिवसांत आई भाकरीचें पीठ मळतांना मीठ शेवटीं घालते. तिच्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका मीं लाल शाईनें दाखविल्या आणि निबंध सर्व वर्गास वाचून दाखविला.

या उकाड्याचें कारण विद्यार्थ्यांना ठाऊक असावें. मोसमी वारे परतूं लागले कीं ढगांचें छत निघून जातें आणि ऊन सरळ जमिनीवर पडतें. जमीन मात्र चार महिन्यांच्या पावसानें भिजलेली असते. तिची वाफ वर येते, वारा पडलेला असतो, आणि अंगावरचा घाम वाळत नाहीं. पारा चैत्र-वैशाखाइतका चढलेला नसतांही जीव कासावीस होतो तो यामुळें. रात्रीं मात्र निरभ्र आकाशांतून उष्णता निघून जाते आणि पहांटे गोधडी ओढून घ्यावी लागते. दिवस वैशाखाचा, पहांट मार्गशीर्षाची. मग घरोघरीं सर्दी, खोकला आणि ताप. दसऱ्यानंतर माझ्या वर्गांत धड्यापेक्षां खोकल्याचाच आवाज अधिक असतो. हीच पहांटेची थंडी पुढें केळीला बाधते. रावेर-यावलकडच्या बागांची वाढ थंडीनें खुंटते, आणि धुळ्याच्या कृषि महाविद्यालयांत नोंदला जाणारा पारा तर हिंवाळ्यांत अनेकदां दहा अंशांच्या बराच खालीं उतरतो. धुळ्यास आठ हिंवाळे काढलेल्या माणसास जळगांवची थंडी मवाळ वाटते, आणि हें मीं म्हटलें कीं नाना रागावतात.

नानांचें पंचांग नक्षत्रांचें आहे. सूर्य सप्टेंबरच्या २७ तारखेच्या सुमारास हस्तांत जातो, ऑक्टोबरच्या १०-११ ला चित्रेंत, आणि २४ च्या आसपास स्वातींत. नानांच्या हिशोबीं हस्ताचा पाऊस हवाच, कारण त्या ओलीवर दादर ज्वारी पेरतां येते. चित्रेचा पाऊस चालेल. स्वातीचा मात्र नको. माझें पंचांग हवामान खात्याचें. पश्चिम राजस्थानांतून मोसमी पाऊस परत फिरण्याची सरासरी तारीख खातें पूर्वीं १ सप्टेंबर धरीत असे. २०२० सालीं खात्यानें ती बदलून १७ सप्टेंबर केली, आणि सर्व देशांतून तो निघून जाण्याची तारीख १५ ऑक्टोबर ठरविली. ही बातमी मीं नानांना भिंतीवरून मोठ्या उत्साहानें वाचून दाखविली. ते म्हणाले, 'मास्तर, पाऊस उशिरां जायला लागला हें मी तुम्हांला किती वर्षें सांगतों आहें?' यावर शास्त्राच्या बाजूनें देण्यासारखें उत्तर माझ्याजवळ नव्हतें.

स्वातीच्या थेंबाचें शिंपल्यांत मोतीं होतें असा जुना कविसंकेत आहे. उमललेल्या कपाशीच्या बोंडांत त्या थेंबाचें काय होतें हें कोणी कवि सांगत नाहीं. तें आम्हीं २०१९ सालीं पाहिलें.

त्याच्या आदल्या वर्षीं पाऊस दगा देऊन गेला होता. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं सरकारनें राज्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. उन्हाळ्यांत आमच्या शाळेंतील मुलें पाण्याच्या बाटल्या घरून आणीत व निम्म्याच भरून आणीत. २०१९ चा पाऊस मात्र उशिरां कां होईना, भरपूर झाला. गिरणा धरण कित्येक वर्षांनंतर कांठोकांठ भरलें. नानांच्या रानांत कपाशी छातीला लागली. बटाईला सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेलें एक कुटुंब होतें. नवरा-बायको आणि दोन मुलगे. तीं रानांतच झोपडी बांधून राहत. थोरला माझ्या नववीच्या वर्गांत होता, धाकटा जवळच्या शाळेंत पांचवींत. थोरला गणितांत हुशार, बोलण्यांत अगदीं कमी. वर्गांत खिडकीजवळचा बाक त्यानें स्वतः निवडून घेतला होता, कारण तेथून आभाळ दिसे.

दसरा ८ ऑक्टोबरला झाला. त्यानंतर पहिला वेचा झाला, तो चांगला उतरला. दुसऱ्या वेच्याची बोंडें फुटून रान पांढरें झालें आणि शाळेला दिवाळीची सुटी लागली. एका सायंकाळीं नाना भिंतीजवळ आले, पण त्यांनीं कोपर टेंकलें नाहीं.

'मास्तर, वारा पालटला.'

'मोबाइलवर तर दोन दिवस ढगाळ एवढेंच दाखवितात, नाना.'

'मोबाइलला कापूस वेचायचा नसतो,' नाना म्हणाले. आणि थोडें थांबून, आभाळाकडेच पाहत, पुढें म्हणाले, 'हा पाऊस लागला तर तुमच्या वर्गांतला एक बाक रिकामा होईल.'

सबंध हकीकत त्यांनीं सांगितली नाहीं आणि मीं विचारली नाहीं. ती मला ठाऊक होती, कारण अशी हकीकत आमच्या शाळेला नवी नव्हती. ऊसतोडीचा मुकादम दसऱ्यापासून दोनदां रानांत येऊन गेला होता. मुकादम उचल देतो. ती घेतली कीं नवरा-बायकोचा 'कोयता' बांधला जातो, आणि टोळीबरोबर बारडोलीकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रांत पांच-सहा महिन्यांसाठीं निघून जावें लागतें. मुलें मागें ठेवायला जागा नसेल तर मुलेंही जातात. कापूस हातीं आला तर उचल नको. कापूस गेला तर उचल हवी. इतका हा सरळ हिशोब आहे, आणि तो माझा वर्गमित्रांना लाजणारा विद्यार्थी माझ्यापेक्षां चांगला करूं शकत होता.

त्या आठवड्यांत अरबी समुद्रांत 'क्यार' नांवाचें चक्रीवादळ उठलें. तें किनाऱ्यापासून दूर निघून गेलें. पाठोपाठ 'महा' उठलें. वादळें समुद्रांत राहिलीं, पाऊस मात्र साऱ्या महाराष्ट्रावर पडला. २७ तारखेचें लक्ष्मीपूजन ओल्या अंगणांत झालें. पणत्या जिजींनीं ओट्यावरून उचलून खिडकींत ठेवल्या. नंतर नाना मला रानांत घेऊन गेले. भिजलेला कापूस बोंडांतून ओल्या दाढीसारखा लोंबत होता. कांहीं बोंडांत सरकीला झाडावरच मोड आले होते. झोपडीपुढें मुलांची आई ओला कापूस पिळीत बसली होती, कपडे पिळावे तसा. पिळलेल्या कापसाला कोणी घेणार नाहीं हें तिला आम्हां दोघांपेक्षां अधिक ठाऊक असणार. पण हात रिकामे ठेवून बसणें तिला जमत नसावें.

ऊन पडलें त्या दिवशीं आमच्या गल्लीचें रूप पालटलें. नानांचा ओटा आणि गच्ची भरली, मग आमची गच्ची, मग समोरच्यांची. माझ्या पत्नीनें दिवाळीसाठीं स्वच्छ केलेल्या चादरी काढून अंथरल्या. ज्यांचा शेतीशीं कांहीं संबंध नाहीं असे बँकेंतले आणि रेल्वेंतले शेजारीही दुपारीं येऊन कापूस खालींवर करून जात. या कामांत पुष्कळशीं मुलें होतीं. त्यांना तो सणच वाटला. नाना दर तासाला एक सरकी काढून दातांखालीं धरीत. 'कट्' असा आवाज झाला तर कापूस वाळला. दात नुसताच रुतला तर अजून ओल आहे. सरकारी कापूस खरेदींत ओलाव्याचें मोजमाप यंत्रानें होतें. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदीच नाहीं. नानांचे दात आणि यंत्र यांत फारसा फरक पडत नाहीं असें नानांचें म्हणणें आहे. त्या वर्षीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५५५० रुपये होता. तो भाव पांढऱ्या कापसाचा. नानांचा कापूस वाळला खरा, पण पिवळा पडला. तो घरीं आलेल्या व्यापाऱ्यानें मूठभर उचलून पाहिला, नाकाशीं नेला, आणि जो आंकडा सांगितला तो नानांनीं मला आजतागायत सांगितलेला नाहीं.

१६ नोव्हेंबरला राज्यपालांनीं मदत जाहीर केली. खरीप पिकांस हेक्टरीं ८००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत. नानांचें रान त्याहून थोडें अधिक. शिवाय अशी मदत ज्याच्या नांवें सातबारा त्याच्या खात्यांत जमा होते. ज्यानें पेरलें, निंदलें, फवारलें आणि पिळलें त्या बटाईदाराचें नांव त्या कागदावर कोठेंच नसतें. पुढें पैसे आले तेव्हां नानांनीं त्यांतले अर्धे त्याच्या हातीं दिले. हें मला नानांनीं सांगितलें नाहीं. एके दिवशीं ढगांविषयीं बोलतां बोलतां जिजींच्या तोंडून निघून गेलें. पण तें फार पुढें. तोंवर उचल घेऊन झाली होती.

शाळा सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळीं मुलांची आई नानांकडे निरोप घ्यावयास आली होती. मी भिंतीच्या अलीकडे होतों, त्यामुळें बोलणें माझ्या कानीं पडलें. जिजींनीं तिला शाळेविषयीं एक अक्षरही विचारलें नाहीं. त्या म्हणाल्या, 'थंडी यंदां लवकर पडली गं. माझी ओट्यावरची खोली रिकामी आहे. रात्रीं नानांना खोकला लागतो, उठून पाणी द्यायला कोणी नाहीं. तुझा मोठा राहील का?'

नानांना त्या वर्षीं खोकला नव्हता.

ती बाई पुष्कळ वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, 'त्याला गोधडी पातळ चालत नाहीं.' जिजी म्हणाल्या, 'जाड आहे.' मग धाकट्याचा विषय निघेल असें मला वाटलें. तोही हवेच्याच वाटेनें निघाला. 'धाकल्याला घेऊन जाते,' ती म्हणाली, 'तिकडे बारडोलीकडे थंडी कमी असते म्हणतात.' तान्हें नसलें तरी टोळींत धाकट्या मुलाचे हात उपयोगी पडतात, वाढें गोळा करणें, पाणी आणणें, हें तीं तिघें जाणत होतीं आणि मीही जाणत होतों. जिजींनीं एक मफलर आणून दिला. दोन मुलांना ठेवून घेण्याइतकी खोली मोठी नव्हती असें नव्हे. मागण्याला आणि देण्याला जी एक सीमा असते ती त्या संध्याकाळीं दोघींनीं तेथें ठरविली.

थोरला खिडकीजवळच्या बाकावर परत बसला. पहांटे नानांबरोबर रानांत जाऊन तो आठ वाजतां परत येई आणि साडेदहाला शाळेंत. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली. तीं माणसें परतलीं तीं उशिरां, आणि तोंवर धाकट्याची शाळाच बंद झाली होती. ती पुन्हा उघडली तेव्हां वर्ष-दोन वर्षें मधून निघून गेलीं होतीं, मुलगा उंच झाला होता, आणि लहान मुलांच्या ओळींत बसण्यास तो तयार झाला नाहीं. मी दोनदां रानांत जाऊन आलों. वडील म्हणाले, 'पाठवूं कीं, सर, एवढा हंगाम जाऊं द्या.' हंगाम गेला. थोरल्याची दहावी २०२१ मध्यें. त्या वर्षीं राज्यांत दहावीची परीक्षाच झाली नाहीं, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. आयुष्यांत ज्या एका परीक्षेसाठीं त्याला ठेवून घेतलें ती द्यावी लागली नाहीं, याचें त्याला फार वाईट वाटलें. गणितांत त्याला पैकीच्या पैकी हवे होते. पुढें तो आय्. टी. आय्. करून वीजकामाला लागला. आमच्या गल्लींतील दिवे गेले कीं नाना प्रथम त्याला फोन करतात आणि मग वीज कंपनीला.

धाकटा आतां स्वतः कोयत्यावर जातो. अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या भाषेंत आखाजीला, तो नानांकडे येऊन गेला. मला पाहून भिंतीजवळ आला. मिसरूड फुटलें आहे, उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ जुन्या जखमेचा व्रण आहे. वय मीं विचारलें नाहीं. हिशोब करतां येण्याजोगा होता. त्यानें विचारलें, 'सर, इकडे ऊन कसें काय यंदां?' मीं सांगितलें, फार आहे. तो म्हणाला, तिकडेही फार होतें. मग जिजींनीं दोघांनाही पाणी आणून दिलें.